रुग्णालयातील जंतुनाशके : वासापेक्षा वापर महत्त्वाचा

रुग्णालयात पाऊल ठेवताच फिनेलचा उग्र वास आला, की आपल्यापैकी अनेकांना हायसे वाटते. ‘येथे स्वच्छता पाळली जाते’ असे आपण मनाशी म्हणतो. वास आला नाही, तर उलट मनात शंका येते. परंतु हा वास आपणांस नेमके काय सांगतो? लादीवर फिनेल टाकले गेले आहे, एवढेच. रुग्णाच्या खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, परिचारिकेला बोलावण्याची कळ, शौचालयाच्या दाराची कडी, या वस्तू आज कोणी पुसल्या की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही. आणि रुग्णाचे बरेवाईट पुष्कळदा याच वस्तूंवर अवलंबून असते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक बंधुभगिनी परिचारिका, वॉर्डबॉय किंवा सफाई कामगार म्हणून रुग्णालयांत सेवा बजावत आहेत. कित्येक घरांत अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषाही चालू असते. म्हणून रुग्णालयात वापरली जाणारी जंतुनाशक रसायने किती परिणामकारक असतात, ती कितपत सुरक्षित असतात आणि त्यांचा योग्य वापर कसा करावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

वासापासून झालेली सुरुवात

या विषयाचा इतिहास वासापासूनच सुरू होतो. १८४७ साली व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस हे प्रसूती विभागात काम करीत होते. त्यांच्या विभागात बाळंतिणी मोठ्या संख्येने तापाने दगावत. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर व विद्यार्थी तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासतात, हे त्यांच्या ध्यानात आले. साबणाने हात धुतले तरी त्यांना प्रेताचा वास राहत असे. तो वास घालवणारे द्रव्य म्हणून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याचे पाणी निवडले व त्यात हात धुण्याचा नियम केला. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात शंभरामागे सुमारे १८ माता दगावल्या होत्या. नियम लागू झाल्यावर काही महिन्यांतच हे प्रमाण २ च्या आसपास आले.

रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता. आज आपण जाणतो, की माता वाचल्या त्या हातांवरील जंतू मेल्यामुळे. वास जाणे ही केवळ सोबत घडलेली गोष्ट होती. पुढे १८६७ साली जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने कार्बोलिक आम्लाचा वापर करून शस्त्रक्रियेनंतरच्या जखमा चिघळण्यापासून वाचवता येतात, हे जगापुढे मांडले. आपले काळे फिनेल हे याच फिनॉलच्या कुळातील. तेव्हापासून तो वास आणि आरोग्य यांची सांगड लोकांच्या मनात बसली ती आजतागायत.

जंतू कोठे दबा धरून बसतात?

जंतूंना जगण्यासाठी सदैव शरीरच लागते असे नाही. जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत तग धरू शकतो. प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांना तीव्र जुलाब लावणारा क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जिवाणू स्वतःभोवती टणक कवच तयार करून बीजाणूच्या रूपात राहतो. असे बीजाणू सुमारे पाच महिने टिकल्याची नोंद आहे. २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णन झालेली कँडिडा ऑरिस ही बुरशी आता भारतातील अतिदक्षता विभागांतही आढळते. तीदेखील खाटा व उपकरणे यांवर दीर्घकाळ टिकून राहते.

हे जंतू आपल्या पायांनी चालत जात नाहीत. त्यांना नेणारे वाहन म्हणजे माणसाचा हात. परिचारिका कठड्याला हात लावते, मग रुग्णाच्या नळीला. नातेवाईक कळ दाबतात, मग रुग्णाला घास भरवतात. एक रुग्ण घरी गेल्यावर त्याच खाटेवर दुसरा येतो आणि आधीच्या रुग्णाचे जंतू त्याच्या वाट्याला येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच लादीपेक्षा वारंवार हात लागणाऱ्या वस्तूंची स्वच्छता अधिक महत्त्वाची मानली जाते. लादी पुसल्यावर अल्पावधीतच पुन्हा मळते. जेथे रक्त किंवा शरीरातील इतर द्रव सांडलेले नाहीत, तेथील लादीला बहुधा साबणाचे पाणीही पुरेसे ठरते.

आधी धुणे, मग जंतुनाश

येथे दोन शब्दांतील भेद समजून घेतला पाहिजे. स्वच्छता म्हणजे साबण, पाणी व फडके यांच्या साहाय्याने मळ काढून टाकणे. जंतुनाश म्हणजे उरलेल्या जंतूंना रसायनाने मारणे. या क्रमात उलटापालट झाली, तर दुसरी पायरी वाया जाते. याचे कारण असे, की रक्त, पू, थुंकी, विष्ठा यांतील सेंद्रिय पदार्थांशी क्लोरिनची तत्काळ प्रक्रिया होते. जंतूंवर खर्च व्हावयाचा क्लोरिन मळावरच खर्ची पडतो. मळाच्या थराखालचे जंतू मात्र सुरक्षित राहतात. सांडलेल्या रक्तावर थेट जंतुनाशक ओतून फडके फिरवणे हे म्हणूनच अपुरे आहे. प्रथम हातमोजे घालून ते रक्त शोषक कागदाने किंवा कापडाने टिपून घ्यावे, जागा धुवावी, आणि मगच योग्य तीव्रतेचे जंतुनाशक लावावे.

कोणते रसायन कशासाठी?

सर्व जंतूंवर चालणारे, कोणालाही अपाय न करणारे आणि स्वस्त असे एकही जंतुनाशक नाही. प्रत्येकाचे गुणदोष आहेत.

सोडियम हायपोक्लोराइट व ब्लीचिंग पावडर ही क्लोरिन देणारी जंतुनाशके होत. ती स्वस्त आहेत आणि जिवाणू, विषाणू, बुरशी यांच्यावर चालतात. पुरेशी तीव्रता व पुरेसा वेळ दिल्यास बीजाणूंवरही चालतात. मात्र ती धातूला गंज आणतात, कपड्यांचा रंग घालवतात, डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबतात. उष्णता व प्रकाश यांमुळे त्यांची शक्ती लवकर क्षीण होते.

अल्कोहोल ७० टक्क्यांच्या आसपासच्या तीव्रतेला उत्तम काम करते. निव्वळ अल्कोहोल अधिक प्रभावी असेल असा आपला समज असतो. परंतु जंतूंतील प्रथिने मोडण्यासाठी पाण्याचीही गरज असते. म्हणून पाणी मिसळलेले अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा सरस ठरते. थर्मामीटर, स्टेथोस्कोप यांसारख्या लहान वस्तूंसाठी ते सोयीचे आहे. मोठ्या पृष्ठभागावर ते झटकन उडून जाते आणि आग लागण्याचा धोकाही असतो. बीजाणूंवर त्याचा परिणाम होत नाही.

क्वाटर्नरी अमोनियम संयुगे, उदाहरणार्थ बेन्झाल्कोनियम क्लोराइड, अनेक सुगंधी लादीक्लीनरमध्ये असतात. ती मळ काढण्यासही मदत करतात व धातूला फारसा अपाय करीत नाहीत. परंतु बीजाणूंवर ती निष्प्रभ आहेत, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर दुबळी आहेत आणि कँडिडा ऑरिसच्या बाबतीत केवळ त्यांवर विसंबून राहता येत नाही. सुती फडके हे रसायन स्वतःत शोषून ठेवते, त्यामुळे पृष्ठभागावर पोहोचणारे प्रमाण कमी होते.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे शेवटी पाणी व प्राणवायू यांत रूपांतर होते, ही त्याची जमेची बाजू. त्याची सुधारित द्रावणे थोड्या वेळात परिणाम करतात; पण ती महाग पडतात.

राहता राहिले फिनेल. काळ्या फिनेलमध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळणारे फिनॉल वर्गातील पदार्थ असतात, तर पांढऱ्या फिनेलमध्ये प्रामुख्याने पाइनचे तेल असते. लादी व गटारे यांसाठी त्यांचा उपयोग आहे. मात्र नवजात बालकांच्या पाळण्यासाठी व काचपेटीसाठी, बाळ त्यात असताना, फिनॉल वर्गातील जंतुनाशके वापरू नयेत असे तज्ज्ञ बजावतात. प्रसूतिगृहांत अशा रसायनांच्या वापरानंतर बालकांच्या रक्तातील बिलिरुबिन वाढून कावीळ झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

प्रमाण आणि वेळ

रसायन योग्य निवडले, तरी दोन प्रश्न उरतात : किती घालावे आणि किती वेळ ठेवावे? करोना साथीच्या काळात, मे २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का आणि रक्त किंवा अन्य शारीरिक द्रव मोठ्या प्रमाणात सांडल्यास ०.५ टक्के क्लोरिनचे द्रावण सुचविले होते. हिशेब सोपा आहे. बाटलीतील द्रावण ५ टक्क्यांचे असेल, तर त्याचा १ भाग व पाणी ४९ भाग घेतल्यास ०.१ टक्का तीव्रता मिळते. १ भागाला ९ भाग पाणी घेतल्यास ०.५ टक्के. बाजारात निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे मिळतात, म्हणून बाटलीवरील मजकूर वाचल्यावाचून हा हिशेब करू नये. द्रावण रोज ताजे करावे, थंड पाण्यात करावे आणि झाकून सावलीत ठेवावे. कालचे उरलेले द्रावण आज पुरेसे प्रभावी असेलच असे नाही.

‘थोडे जास्त घातले तर काय बिघडले?’ असा विचार अनेकदा केला जातो. अधिक तीव्र द्रावणाने खाटेचे लोखंड गंजते, गादीवरील रेक्झिनला चिरा पडतात. त्या चिरांतून घाण आत मुरते आणि पुढे कितीही पुसले तरी निघत नाही. शिवाय पुसणाऱ्याची फुप्फुसेही त्याची किंमत मोजतात.

वेळेचे महत्त्व तर सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाते. प्रत्येक जंतुनाशकाला आपले काम करण्यास ठरावीक अवधी लागतो आणि त्या अवधीत पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. अल्कोहोलला निदान एक मिनिट, हायपोक्लोराइटला साधारणतः दहा मिनिटे, असा सामान्य दंडक आहे. फडके फिरवून लगेच कोरड्या कापडाने पुसले किंवा वरचा पंखा जोरात असला, तर रसायनाला आपले काम पूर्ण करण्यास वेळच मिळत नाही. तसेच एकाच बादलीत मळके फडके पुन्हा पुन्हा बुचकळून दहा खाटा पुसल्या, तर पहिल्या खाटेचे जंतू दहाव्या खाटेपर्यंत पोहोचवले जातात.

जे जंतूंना मारते, ते माणसालाही इजा करू शकते

रबरी हातमोज्यांचा शस्त्रक्रियागृहातील प्रवेश कसा झाला, हे येथे सांगण्यासारखे आहे. १८८९ च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची त्वचा जंतुनाशकांमुळे सोलवटून निघत असे. तिच्या हातांचे रक्षण व्हावे म्हणून डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी पातळ रबरी मोजे तयार करवून घेतले. म्हणजे आज रुग्णाचे रक्षण करणारे हे मोजे मुळात जन्मले ते जंतुनाशकापासून एका परिचारिकेचे रक्षण करण्यासाठी!

हा प्रश्न आजही सुटलेला नाही. अमेरिकेतील ७३,००० हून अधिक परिचारिकांच्या २००९ ते २०१५ या काळातील पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. कामात जंतुनाशकांशी नियमित संबंध येणाऱ्या परिचारिकांमध्ये फुप्फुसांच्या दीर्घकालीन अवरोधक आजाराचा धोका २५ ते ३८ टक्क्यांनी अधिक आढळला. अशा एका पाहणीवरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. परंतु जंतुनाशकांमुळे दमा उद्भवतो किंवा बळावतो, हे इतर अनेक अभ्यासांतूनही दिसून आले आहे. परिचारिकांची ही स्थिती असेल, तर दिवसभर बादली आणि फडके हाताळणाऱ्या सफाई कामगारांचे काय, हा विचार मनास अस्वस्थ करतो.

दक्षिण कोरियातील घटना याहून भयंकर आहे. तेथे १९९४ पासून घरातील हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राच्या पाण्यात घालण्यासाठी जंतुनाशके विकली जात. त्यातील पीएचएमजी हे रसायन वाफाऱ्याबरोबर फुप्फुसांत शिरले. २०११ साली गर्भवती व बाळंतिणी स्त्रियांमध्ये फुप्फुसांचा गंभीर विकार आढळला, तेव्हा त्याचा उलगडा झाला. मृतांमध्ये अनेक बालके होती. वस्तू पुसण्यास चालणारे रसायन श्वासावाटे घेण्यास सुरक्षित असेलच असे नाही, हा त्यातील कठोर धडा होय.

फवारणीचा मोह

हा धडा आपल्या देशात पुरेसा पोहोचलेला नव्हता. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर सोडियम हायपोक्लोराइटचा फवारा मारण्यात आला. पुढे १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर अशी फवारणी करू नये, असे स्पष्ट केले. जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितले. ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने फवारणीचे बोगदे बंद करण्याविषयी केंद्र शासनाला निर्देश दिले.

खोलीत धुरळणी किंवा फवारणी केली, की सर्व काही शुद्ध झाले असे वाटते. वास्तविक फवारा वस्तूच्या मागच्या व खालच्या बाजूस पोहोचत नाही, मळ काढत नाही आणि हवेत राहून डोळे व श्वास यांना त्रास देतो. शस्त्रक्रियागृहात फॉर्मेलिनचा धूर कोंडण्याची प्रथा आपल्याकडे दीर्घकाळ होती. फॉर्मेलिनमधील फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. ओल्या फडक्याने हाताने पुसणे हे फवाऱ्याइतके दिसण्यात भारदस्त नसले, तरी अधिक परिणामकारक व अधिक सुरक्षित आहे.

रसायनामागचा हात

मग खरा फरक कशाने पडतो? अमेरिकेतील २३ रुग्णालयांत संशोधकांनी वारंवार हात लागणाऱ्या वस्तूंवर डोळ्यांना न दिसणारी खूण लावून ठेवली. खोली स्वच्छ केल्यानंतर पाहिले, तर सरासरी ४९ टक्के ठिकाणचीच खूण पुसली गेली होती. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुनाशक कितीही उत्तम असो, ज्या जागेला फडकेच लागले नाही, तेथे ते काय करणार?

२००९ साली स्कॉटलंडमधील एका अभ्यासात याची दुसरी बाजू दिसली. तेथे दोन वॉर्डांत आळीपाळीने सहा-सहा महिने केवळ एक जादा सफाई कर्मचारी देण्यात आला. हात लागणाऱ्या जागांवरील जंतूंचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी घटले आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे नवे संसर्ग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाले. यासाठी कोणतेही महागडे रसायन वापरलेले नव्हते. साधे साबणद्रावण आणि काळजीपूर्वक फिरणारा एक हात, एवढेच. ऑस्ट्रेलियातील ११ रुग्णालयांत सफाई कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, त्यांच्या कामाची तपासणी व त्यांच्याशी संवाद या मार्गांनी सुधारणा घडवण्यात आली, तेव्हा काही संसर्गांमध्ये स्पष्ट घट झाली. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या रुग्णालयांत ज्यांना आपण ‘मावशी’ किंवा ‘मामा’ म्हणून हाक मारतो, त्यांचे काम सर्वांत खालचे समजले जाते. वेतन कमी, कंत्राट अनिश्चित आणि प्रशिक्षण बहुधा शून्य. वस्तुतः डॉक्टरांच्या औषधयोजनेइतकाच त्यांच्या फडक्यालाही रुग्णाच्या जीवनात वाटा आहे. त्यांना मोजमापाचे भांडे, हातमोजे, हवेशीर जागा, पुरेसा वेळ आणि काय कशासाठी करावयाचे याचे ज्ञान दिल्याशिवाय जंतुनाशकावर केलेला खर्च सार्थकी लागत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपण काय करावे?

घरी आजारी माणूस असेल, तर काही नियम कटाक्षाने पाळावेत. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट शौचालय धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये; त्यातून क्लोरिन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच मिसळू नये. चुकून तसे घडलेच, तर भांड्याशी खटपट करीत न बसता तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि खोकला किंवा दम लागल्यास डॉक्टरांकडे जावे. कोणतेही जंतुनाशक शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुले ते पिण्याचा धोका असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत, आधी साबणाने धुवावे, मग जंतुनाशक लावून पुरेसा वेळ ओले राहू द्यावे.

रुग्णालयात आप्तांना भेटण्यास जाताना आपले हात स्वच्छ असावेत. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. रुग्णाला जुलाब होत असतील, तर केवळ सॅनिटायझरवर विसंबून न राहता साबण व पाण्याने हात धुवावेत, कारण बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. मावशी खाट पुसण्यास आल्या, तर टेबलावरील डबे व पिशव्या चटकन बाजूला कराव्यात. अडगळ असलेली जागा पुसली जात नाही. कठडा पुसायचा राहिला असेल, तर आदराने तसे सांगावे. त्यांनी ओला ठेवलेला पृष्ठभाग लगेच कोरडा करू नये.

आणि पुढच्या वेळी रुग्णालयात फिनेलचा वास आला नाही, म्हणून तक्रार करण्यापूर्वी खाटेचा कठडा पाहावा. तो स्वच्छ असेल, तर कोणीतरी आपले काम निष्ठेने केलेले आहे. त्या व्यक्तीला दोन शब्द आभाराचे सांगण्यास विसरू नये.